मोकळी जागा

सरकारी नोकरीच्या निमित्ताने वीस-पंचवीस वर्षे मुलुखाबाहेर काढलेल्या आम्हां मंडळींची मुंबई ही बहुधा जुनी मुंबई असते. रजेवर जावे, चार दिवस नातलगांच्या घरी राहावे, एखादे नाटक पाहावे आणि परत आपल्या ठाण्यावर रुजू व्हावे, असा आमचा क्रम. त्या चार दिवसांत शहराकडे नीट पाहावयास सवड होत नाही. त्यामुळे मुंबई सोडतेवेळी मनात जे चित्र होते तेच कायम राहते. गेल्या वर्षी मात्र रजेवर म्हणून नव्हे, कामावर म्हणून मुंबईस जाण्याचा प्रसंग आला. लोअर परळच्या एका उंच इमारतीत बैठक होती. मधल्या सुटीत खिडकीशी उभे राहून खाली पाहिले, तो करवतीच्या दात्यांसारख्या छपरांची एक रांग दिसली आणि तिच्यापलीकडे विटांची एक चिमणी. चिमणीतून धूर निघत नव्हता. छपरांवर वातानुकूलनाची यंत्रे बसविलेली होती आणि एका छपराखाली रंगीत पाट्या लावलेली उपाहारगृहे होती.

आमचे मामा याच भागातल्या एका गिरणीत साचेखात्यात होते. लहानपणी सुटीत त्यांच्या खोलीवर राहावयास गेलो म्हणजे पहाटे भोंग्याने जाग येई. बैठकीस आलेल्या एका तरुण सहकाऱ्यास आम्ही सहज विचारले, "येथे खाली कोणती गिरणी होती हो?" ते म्हणाले, "गिरणी होती खरी, साहेब. पण आता सगळे नुसते कंपाउंडच म्हणतात." पत्त्यात गिरणीचे नाव अजून लिहिले जाते, पण ते नाव कशाचे हे सांगणारे माणूस जवळपास नव्हते.

या उत्तराने आम्हांस घरी परतल्यावर जुनी पुस्तके व कागद चाळावयास लावले. गिरणीची वास्तू मुळात काय होती, ती रिकामी कशी झाली आणि रिकामी झाल्यावर तिचे काय झाले, हा वृत्तान्त वाचकांपुढे ठेवावा असे वाटले. त्यास एक विशेष कारणही आहे. गिरणगावाचा निकाल जेवढा रस्त्यावर लागला तेवढाच तो एका नियमातील दोन शब्दांच्या अर्थाने लागला. आणि नियमांतील शब्द हा तर आपणां सर्वांचा रोजचाच व्यवहार आहे.

मुंबईतील गिरण्यांचा आरंभ कावसजी नानाभाई दावर या पारशी व्यापाऱ्यापासून धरतात. त्यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि ताडदेव येथे १८५६ साली सूत काढण्यास प्रारंभ झाला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली. तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि हिंदी कापसाचे भाव गगनास भिडले. त्या पैशाने मुंबईत सट्ट्याचे वेड आले व १८६५ साली ते कोसळलेही. परंतु पेढ्या बुडाल्या तरी भांडवल गिरणीत घालावे ही कल्पना बुडाली नाही. एकोणिसावे शतक संपेपर्यंत मुंबईत ऐंशीच्या आसपास गिरण्या उभ्या राहिल्या. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, वरळी, शिवडी या टापूस लोक गिरणगाव म्हणू लागले. 'गाव' हा शब्द येथे फार योग्य होता, हे पुढे दिसेलच.

ही इमारत मुंबईत जन्मलेली नव्हे. तिचा आराखडा, तिचे बिडाचे खांब आणि तिची यंत्रे ही लँकेशायरची. आरंभी मुंबईच्या गिरण्या मुख्यतः सूत काढीत आणि ते चीनकडे पाठवीत. सूतकताईच्या चात्या एकावर एक मजल्यांवर बसविता येत, म्हणून जुन्या गिरण्यांच्या सूतखात्याची इमारत तीन-चार मजल्यांची, लांबच लांब आणि जाड भिंतींची असे. जपानी सुताने चीनची पेठ काबीज करण्यास सुरुवात केल्यावर आणि १९०५ नंतर स्वदेशीच्या चळवळीने देशी कापडास मागणी आल्यावर विणकाम वाढले. विणकामाच्या साच्यांचा धक्का मोठा असतो. शेकडो साचे एकदम चालले म्हणजे मजला हादरतो. म्हणून साचेखाते जमिनीलगत पसरलेल्या बैठ्या शेडमध्ये असे. त्या शेडवर करवतीच्या दात्यांसारखे छप्पर घालीत. दात्याची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली असे. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, त्यात ऊन नसते, सावल्या पडत नाहीत. तुटलेला धागा विणकराला तत्काळ दिसतो. आज अशा छपराखाली बसून चहा पिणारी मंडळी त्या उजेडाची वाखाणणी करतात. तो उजेड धाग्यासाठी होता.

इमारतीच्या एका अंगास इंजिनघर असे. तेथून दोरांच्या व पट्ट्यांच्या साहाय्याने सर्व मजल्यांवरील दांड्यांस गती मिळे. इंजिनघराशेजारी बॉयलर, त्याच्या धुरासाठी चिमणी आणि वाफ थंड करण्यासाठी पाण्याचा तलाव. गिरणी बांधणाऱ्यांस सर्वांत मोठी धास्ती आगीची असे. कापसाची पिंजर हवेत तरंगत राहते. एका ठिणगीने खातेच्या खाते जळून जाई. म्हणून लाकडाऐवजी बिडाचे खांब, विटांच्या कमानी, आणि पुष्कळ ठिकाणी उंच मनोऱ्यावर पाण्याची टाकी. याखेरीज सूत तुटू नये म्हणून खात्यातील हवा दमट ठेवीत. घामाने चिंब झालेला कामगार आणि त्याच्या छातीत बसलेली पिंजर ही त्या दमट हवेचीच दुसरी बाजू होय.

चिमणीविषयी एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. गिरणगाव म्हटले की धूर ओकणाऱ्या चिमण्या डोळ्यांपुढे येतात. परंतु त्यांच्या बेकारीचा आरंभ फार जुना आहे. १९१५ साली टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्राची वीज मुंबईस येऊ लागली, आणि तिची पहिली मोठी गिऱ्हाइके म्हणजे गिरण्याच. बाष्पयंत्रे हळूहळू थंडावली. सुतास खळ लावणे, कापड धुणे-रंगविणे यांसाठी वाफ लागतच असे, म्हणून काही बॉयलर चालू राहिले. पण गिरणी चालविण्याचे चिमणीचे मूळ काम तेव्हापासूनच सुटत गेले. तरीही तिला कोणी पाडले नाही. गिरणी चालू असल्याची ती खूण होऊन राहिली.

वास्तूचे एवढे वर्णन केल्यावर तिच्यातील माणसांकडे वळावयास हवे. रत्नागिरी, सातारा, पुणे, कोल्हापूर या जिल्ह्यांतून माणसे येत. गावाकडे बायकामुले आणि वीतभर जमीन, मुंबईत दहा-पंधराजणांत मिळून एक खोली. एकेका गावाची अशी खोली असे. पाळीप्रमाणे माणसे झोपत आणि उठत, त्यामुळे तेथील वळकट्या क्वचितच गार होत. जेवण खानावळीत, ती चालविणारी बाई बहुधा एखाद्या गिरणी कामगाराची घरधनीण किंवा विधवा. नोकरी जॉबरच्या हाती. बदली कामगार सकाळी फाटकाशी उभे राहावयाचे. कोणी गैरहजर असल्यास आत घ्यावयाचे, नाहीतर परत. असे वर्षानुवर्षे बदलीत काढल्यावर एखाद्यास कायमचे तिकीट मिळे. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी अशा तिकिटावर धाकट्या भावाचे शिक्षण झाले असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही. आमचे स्वतःचे शिक्षण मामांच्या मनिऑर्डरीवर झाले, एवढे येथे नमूद करतो.

या माणसांस त्या वास्तूत जे काही मिळाले ते मागून मिळालेले नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संस्था काढली, 'दीनबंधू' पत्रातून त्यांची गाऱ्हाणी मांडली. रविवारची सुटी गिरणी मालकांच्या संघाने १८९० साली मान्य केली. आज आपण रविवार जन्मसिद्ध हक्काप्रमाणे भोगतो. त्यामागे ही चळवळ आहे. विजेचे दिवे खात्यांत आल्यावर काम सूर्यास्तास थांबेना, चौदा-चौदा तास चालू लागले. त्याविरुद्ध १९०५ साली कामगार उठले, आणि १९११ च्या कायद्याने प्रौढ पुरुषांच्या कामाची मर्यादा बारा तास झाली. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरण्यांतील कामगारांनी वर्षास एक याप्रमाणे सहा दिवस काम बंद ठेवले. १९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर गिरणगाव आघाडीवर होते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांचे पोवाडे ज्या मैदानांत आणि चाळींच्या चौकांत घुमले, ती सारी गिरण्यांच्या सावलीतली. नारायण सुर्व्यांस एका गिरणी कामगाराने वाढविले आणि ते स्वतःही काही काळ गिरणीत राबले. म्हणून वर आम्ही म्हटले की 'गाव' हा शब्द योग्य होता. फाटकाच्या आतील वास्तू आणि फाटकाबाहेरील वस्ती ही एकाच कापडाची दोन टोके होती.

या गावाचा भोंगा कसा थांबला हे सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. यंत्रे जुनी झाली होती. यंत्रमागाचे स्वस्त कापड भिवंडी, मालेगावाहून येऊ लागले होते. कित्येक मालकांनी गिरणीतील नफा गिरणीत पुन्हा घातला नव्हता. डबघाईस आलेल्या गिरण्या १९७४ च्या कायद्याने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तो केवळ विरत गेला. १९८३ मध्ये आणखी तेरा गिरण्यांचा कारभार सरकारने हाती घेतला. काही गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, पण कमी माणसांनिशी; काहींचे फाटक उघडलेच नाही. मामा दीड वर्ष गावी शेतात राबले. परतले तेव्हा मस्टरवर त्यांचे नाव होते, पण काम नव्हते.

आता खऱ्या विषयाकडे येतो. भोंगा थांबला तेव्हा अठ्ठावन्न गिरण्यांची मिळून सुमारे सहाशे एकर जमीन शहराच्या मध्यभागी पडून होती. शतकापूर्वी ती गावाबाहेरची होती. शहर वाढत जाऊन ती त्याच्या पोटात आली. एका बाजूस चटईभर जागेसाठी झगडणारी मुंबई आणि दुसऱ्या बाजूस ही निःशब्द आवारे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत यासाठी ५८ क्रमांकाचा नियम आला. त्याचा आशय असा की, गिरणीची जमीन विकसित करावयाची असल्यास तिची स्थूलमानाने तीन भागांत वाटणी व्हावी. एक भाग मैदाने व बागा यांसाठी महापालिकेस, एक भाग सर्वसामान्यांच्या घरांसाठी गृहनिर्माण मंडळास आणि उरलेला मालकास. न्यायाच्या दृष्टीने पाहता ही वाटणी सुरेख होती. कापडाच्या धंद्याने ज्या शहरास वाढविले त्या शहरास, ज्या माणसांनी तो धंदा चालविला त्यांच्यासारख्यांस आणि ज्याने भांडवल घातले त्यास, असे तिघांसही त्यात स्थान होते.

परंतु नियमात एक वाट ठेवलेली होती. जुनी इमारत पाडून जागा मोकळी केली तर वाटणी. इमारत उभी ठेवून तिच्या बांधकामाच्या मर्यादेत दुसरा उपयोग केला तर वाटणी नाही. हेतू वाईट नसावा. जुन्या चांगल्या इमारती विनाकारण पाडल्या जाऊ नयेत, हाच विचार असावा. त्याचा परिणाम असा झाला की ज्यास जमीन वाटावयाची नव्हती त्याने इमारत राखली. १९९१ नंतरच्या दशकात गिरण्यांच्या शेडमध्ये जाहिरात कंपन्यांच्या कचेऱ्या, छायाचित्रणाचे स्टुडिओ, दुकाने, उपाहारगृहे आली, ती या वाटेने. बिडाचे खांब रंगविले गेले, विटांवरील गिलावा खरवडून त्या मुद्दाम उघड्या केल्या गेल्या. जुनी वास्तू टिकली, आणि जुन्या वास्तूंवर प्रेम करणाऱ्या आमच्यासारख्यांनी समाधानाने मान डोलावली. ती ज्या कारणाने टिकली ते कारण आम्ही विचारले नाही.

लोअर परळच्या फिनिक्स मिलचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. ही गिरणी १९०५ साली स्थापन झालेली. तिच्या आवारात विसाव्या शतकाच्या अखेरीपासून बाजारपेठ वाढत गेली आणि आज मुंबईतील अत्यंत गजबजलेल्या खरेदीच्या ठिकाणांत तिची गणना होते. चिमणी तेथे अजून उभी आहे. राखेतून पुन्हा जन्म घेणाऱ्या पक्ष्याचे नाव गिरणीस ठेवणाऱ्याच्या मनात असा पुनर्जन्म खचितच नसेल. आम्ही तेथे गेलो तेव्हा फाटकाशी आमची पिशवी तपासण्यात आली, आणि एका जुन्या गोष्टीची आठवण झाली. मामा सांगत की, पाळी सुटल्यावर बाहेर पडताना कामगाराची झडती होई. कोणी कापडाचा तुकडा तर नेत नाही ना, हे पाहण्यासाठी. आता झडती आत जाताना होते. बाहेर पडताना हातात कितीही कापड असले तरी कोणी विचारीत नाही.

राज्य सरकारने १९९६ साली वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स कोरिआ यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला. एकेका गिरणीचा सुटा विचार न करता या जमिनींचा एकत्र विचार करावा. म्हणजे सलग मैदाने, रस्ते, घरे यांची जुळणी होईल, असा त्याच्या सूचनांचा रोख होता. त्या सूचना बहुतांशी कागदावरच राहिल्या.

पुढे २००१ साली नियम ५८ मध्ये दुरुस्ती झाली. या दुरुस्तीचा सारा भार 'मोकळी जागा' या दोन शब्दांवर आहे. वाटणी फक्त मोकळ्या जागेची व्हावी, आणि मोकळी जागा म्हणजे जिच्यावर आधीपासूनच बांधकाम नाही तेवढीच. इमारत पाडल्यानंतर जी रिकामी होईल ती मोकळी जागा नव्हे, असा अर्थ ठरला. वाचकांनी हे पुन्हा एकदा वाचावे. गिरणीचे आवार म्हणजे बहुतेक इमारतच. साचेखात्याची बैठी शेड तर जमिनीलगत सर्वत्र पसरलेली. तिच्याखालची जमीन वाटणीतून वगळल्यावर वाटावयास उरले ते रस्ते, तलावाचा काठ आणि मधली अंगणे. पहिल्या नियमाने इमारत राखणाऱ्यास सूट दिली होती. दुसऱ्याने पाडणाऱ्यासही दिली. त्या दिवसापासून जुन्या वास्तूस उभे राहण्याचे कारण उरले नाही.

येथे आम्ही कोणास खलपुरुष ठरवू इच्छीत नाही. सरकारची बाजू अशी होती की दहा वर्षांत फारच थोडे मालक वाटणीस पुढे आले. जमीन पडून राहिली, ना मैदान झाले ना घर. कामगारांची देणी थकली होती, महामंडळाच्या गिरण्यांचे पुनर्वसन पैशावाचून अडले होते. जमिनीस गिऱ्हाईक मिळाले तरच हे सर्व मार्गी लागणार. ज्या कोणी ही टिपणी लिहिली असेल त्याने ती कर्तव्यबुद्धीने लिहिली असेल, असे आम्ही गृहीत धरतो. आम्हीही अशा टिपण्या लिहिल्या आहेत. अडलेला व्यवहार सुटावा म्हणून व्याख्येत एक वाक्य घालावयाचे आणि त्याचे क्षेत्रफळ किती होईल याचा तक्ता जोडावयाचा राहून जावयाचा, हे कोणत्याही खात्यात घडते.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने दुरुस्तीविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली. २००५ च्या ऑक्टोबरात न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला व दुरुस्ती वैध ठरविली. दरम्यान २००५ सालीच महामंडळाच्या काही गिरण्यांचे लिलाव झाले होते. ज्युपिटर मिल २७६ कोटींस गेली. मुंबई टेक्स्टाइल मिलची सतरा एकर जमीन ७०२ कोटींस गेली. घेणाऱ्याने तीच २०१२ मध्ये सुमारे २,७०० कोटींस दुसऱ्यास विकली. सात वर्षांत त्या जमिनीवर कापसाची एक पेळूही कातली गेली नव्हती.

राहिलेल्या वास्तूंपैकी काहींचे भाग्य वेगळे. काळाचौकी येथील इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ च्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याचे काम मुंबई महापालिकेने हाती घेतले आहे. ते झाले पाहिजे. ज्या मुलांनी साचा पाहिला नाही त्यांनी तो पाहावा. दादरची इंदू मिल, म्हणजे इंडिया युनायटेड क्रमांक ६, चैत्यभूमीला लागून. तिची जमीन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकासाठी देण्यात आली. गिरण्यांच्या साचेखात्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांस प्रवेश नसे, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्यास विटाळाची हरकत घेतली जाई. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढे मांडला होता. त्यामुळे गिरणीची जमीन त्यांच्या स्मारकास जाणे यात इतिहासाचा एक हिशेब चुकता झाला असे आम्हांस वाटते. उलट कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या पहिल्या प्रहरी गच्चीवरील उपाहारगृहांस आग लागून चौदा माणसे दगावली. ज्या आवारांची रचनाच आगीच्या धास्तीने झाली होती तेथे हे घडावे, याची खंत वाटते.

आणि कामगार? त्यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले तेव्हा कोठे गृहनिर्माण मंडळाच्या वाट्याच्या जमिनीवरील घरांत त्यांस हिस्सा मिळाला. जून २०१२ मध्ये पहिली सोडत निघाली. घरे ६,९२५, अर्ज सुमारे दीड लाख. २०१६ आणि २०२० मध्ये पुढील सोडती झाल्या. शंभरांतील थोड्यांचाच नंबर लागला. पडीक जमिनीपैकी वाटणीस 'मोकळी' म्हणून जेवढी मोजली गेली तेवढीच घरे तिच्यावर उभी राहणार, हे उघड आहे. सोडतीच्या रांगेतील लांबी त्या दोन शब्दांपाशी सुरू होते.

जुन्या इमारतीचा नवा उपयोग होऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. इमारत ही वापरासाठीच असते. धुराड्याचे काम गेल्यावरही ते सत्तर वर्षे उभे राहिलेच. गिरणीत दुकान निघाले, कचेरी निघाली, याचेही दुःख नाही. तेथेही माणसे राबतात, त्यांचीही पोटे आहेत. आमचा प्रश्न एवढाच की, वास्तू राखताना आपण काय राखले असे समजावयाचे? विटा राखल्या, बिडाचे खांब राखले, उत्तरेचा उजेड राखला. परंतु ज्या वाटणीने ती वास्तू आणि तिच्या भोवतीचे गाव यांचे नाते पुढे चालू राहिले असते ती निसटली. चाळीच्या खिडकीतून चिमणी अजून दिसते. चिमणीच्या पायथ्याशी त्या चाळीतल्या माणसाचे काही काम उरलेले नाही.

बैठक संपल्यावर संध्याकाळी आम्ही मामींस भेटावयास गेलो. मामा जाऊन बरीच वर्षे झाली. मामी धाकट्या मुलाकडे डोंबिवलीस असतात. आम्ही कोठून आलो हे सांगितल्यावर त्या उठल्या आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी काढली. आत प्लास्टिकच्या पिशवीत मामांचे तिकीट, रजेचे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची एक पावती असे कागद नीट घडी घालून ठेवलेले होते. १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर ते कामावर होते, याचा पुरावा घरासाठी लागतो. मामींनी तो एवढी वर्षे वाळवी लागू न देता सांभाळला आहे. अर्जाची पोचपावतीही त्यातच होती.

"तू सरकारात आहेस," त्या म्हणाल्या, "तुला ठाऊक असेल. आमचा नंबर लागेल का रे?"

नियमाचे कलम आम्हांस पाठ होते. दुरुस्तीची तारीख, निकालाची तारीख, सगळे ठाऊक होते. आम्ही ते कागद पुन्हा घडीवर घडी घालून पिशवीत ठेवले आणि चौकशी करतो म्हणून सांगितले. ती चौकशी अजून चालू आहे.